काळी एकच्या जरा वर

बऱ्हाणपूर,
७ जुलै २०२४

चि. ललित यास,

आशीर्वाद. पाकीट बघून कोण गेलं म्हणून घाबरू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. तुझी आत्या तर इतकी ठणठणीत आहे की एकसष्टाव्या वर्षी तिनं सतार शिकायला घेतली आहे. हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हो का, मस्त' म्हणतोस आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता अंगठा दाखवतोस. चौतीस वर्षं पोस्टात काढली मी, अंगठा कोण देतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

आमचे गुरुजी म्हणजे लीलाधरबुवा, वय शहात्तर. सात महिने मी एकच पलटा वाजवते आहे, त्याच सुरांची तीच चढउतार. दुसरा कधी शिकवाल, असं विचारलं तर म्हणाले, "पहिला आला की." तारेनं डाव्या हाताच्या दोन बोटांना अशा चिरा पाडल्यात की भाकरी थापताना जीव जातो.

तेही चाललं असतं, पण आमच्या भिंतीपलीकडे बारा यंत्रमाग आहेत. सकाळी आठला सुरू होतात ते दिवस मावळेपर्यंत खटाखट, खटाखट. त्यात माझी सतार म्हणजे वरातीत डासानं गाणं म्हणावं तशी. मी वाजवते हे माझं मलाच खरं वाटत नाही.

दादानं तुझ्या बँडचा व्हिडिओ दाखवला. गिटार वाजवताना तू सारखा खाली बघत होतास आणि रांगेनं मांडलेल्या डब्यांवर बूट आपटत होतास. मला वाटलं, स्टेजवर झुरळं निघाली. दादा म्हणाला, त्या डब्यांनी आवाज बदलतो, मोठा होतो. मग त्यातला एखादा मला मिळेल का? साधासा. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईला झेपेल असा.

तुझी,
ज्योत्स्नाआत्या


पुणे,
१६ जुलै

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (घातला असं समज, पाठ दुखते.)

झुरळं मारायच्या त्या डब्यांना आम्ही अडाणी लोक पेडल म्हणतो. मी दिवसभर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधतो आणि संध्याकाळी या पेडलांनी स्वतःच्या चुका झाकतो. एकूण आयुष्य सुरळीत आहे.

खोक्यात एक नाण्याएवढी चकती आहे. ती सतारीच्या लाकडावर, तारा टेकतात त्या घोडीजवळ चिकटव. लाकडाची थरथर ती पकडते आणि वायरमधून सोबतच्या छोट्या स्पीकरपर्यंत नेते. मध्ये निळं पेडल जोड. त्याचं नाव रिव्हर्ब. लहानपणी तू मला किल्ल्यातल्या हमामात न्यायचीस. मी 'ओ' केलं की घुमट कितीतरी वेळ 'ओ' करत बसायचा. तो घुमट या डब्यात भरलाय. बटण जास्त फिरवू नकोस, नाहीतर तुझा सात महिन्यांचा पलटा सात वर्षं ऐकू येईल.

लाल पेडल खोक्यात जागा उरली म्हणून टाकलंय. त्याचं नाव डिस्टॉर्शन. त्यावर पाय ठेवू नकोस.

परत पाठवायची गरज नाही. माझ्याकडे जास्तीचे आहेत.

तुझा,
ललित


बऱ्हाणपूर,
२ ऑगस्ट

चि. ललित यास,

लाल डब्यावर मी पाय ठेवला.

ठेवू नकोस असं लिहिल्यावर माणूस दुसरं काय करणार? मी नखीनं एकच तार छेडली, तर बाजूच्या सगळ्या तारा एकदम केकाटल्या. देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजली. मी घाबरून बटण शोधते आहे, तोवर भिंतीपलीकडची खटखट थांबली. बाराच्या बारा माग बंद. दोन मिनिटांत कारखान्यातला कामगार उखर्डू दारात.

"बाई, तुमच्याकडं काही फुटलं का? आम्हाला वाटलं, आमचा पट्टा तुटला."

"काही नाही, मी रियाज करत होते."

त्यानं सतारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कशाचा?" म्हणाला.

तरी एक गोष्ट झाली. माझ्या वादनासाठी कोणी हातातलं काम थांबवलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच.

निळ्याबद्दल जास्त बोलत नाही, दृष्ट लागेल. शेवटचा सूर असा तरंगत राहतो की पुढचा वाजवायचं मी विसरते. गुरुजींना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मते सतारीला वीज लागत नाही, कष्ट लागतात.

एक विचारू? निळ्या डब्याच्या पाठीवर तुझ्या अक्षरात पट्टी चिकटवली आहे: 'दुसरं गाणं, बटण पावणेतीनवर.' जास्तीचा डबा, आणि त्यावर गाण्याचा नंबर? असो. पोस्टातली खोड, आधी पाठीमागचं वाचते.

तुझी,
आत्या


पुणे,
१९ ऑगस्ट

ती. आत्यास,

पट्टी जुनी आहे. आता नवीन पेडल घेतलंय, नवीन पट्ट्या लावल्यात. शो जोरात चालू आहेत, श्वास घ्यायला वेळ नाही. सीबीआयची नोकरी सुटली वाटतं तुझी, पोस्टात वाया गेलीस.

आणखी दोन डबे पाठवतोय. हिरवं पेडल डिले. तू जे वाजवशील ते थोड्या वेळानं तुलाच परत ऐकवतं. आपल्या बाबांसारखं. काळं मोठं पेडल लूपर. तू वाजवलेलं ते लक्षात ठेवतं आणि पाय मारेपर्यंत तेच तेच वाजवत राहतं. थोडक्यात, सगळे नातेवाईक एका डब्यात.

लूपरवर एक साधा ठेका किंवा सूर भरून ठेव आणि त्यावर तू वाजव. साथीला माणूस लागत नाही.

उत्तराची घाई नाही.

तुझा,
ललित


बऱ्हाणपूर,
८ सप्टेंबर

चि. ललित यास,

तुझा नातेवाईकांचा डबा मिळाला. त्याचा पराक्रम ऐक.

मला दोनतीन दिवस ताप होता, शिकवणीला गेले नाही. परवा बरं वाटलं म्हणून सकाळी पलटा लूपरमध्ये भरला आणि तो चालू ठेवून घरकामाला लागले. घरात सतार वाजते आहे असं वाटतं, बरं वाटतं. दुपारी गुरुजी माझी चौकशी करायला आले. दार उघडंच होतं. चांगली पाच मिनिटं जिन्यात उभं राहून ऐकत होते म्हणे. आत आले तर काय, सतार कोपऱ्यात खोळ घालून उभी, पलटा चालू, आणि मी ओट्याशी.

"ज्योत्स्नाबाई, हे कोण वाजवून राहिलं?"

"मीच."

"तुम्ही तर चहा गाळून राहिल्या."

"हो. ते सकाळचं आहे."

त्यांनी खोळीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, डब्यावरच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं. "मैं नीचे खड़ा सोच रहा था," ते म्हणाले, "बाईचा हात बसला एकदाचा."

मग टोपी घातली आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही. ऊन फार होतं, थकले असतील.

सध्या ते जरा कामात आहेत, त्यामुळे शिकवणीला सुट्टी आहे. बरंच झालं, रियाजाला वेळ मिळतो. लूपर लावला की घरात दोघी जणी वाजवताहेत असं वाटतं. दुसरीही माझ्याइतकीच वाईट वाजवते, त्यामुळे आमचं जमतं.

शो जोरात चालू आहेत, तर नवा व्हिडिओ का नाही? दादा रोज बघतो, मेनंतर एकही आलेला नाही.

तुझी,
आत्या


पुणे,
२१ ऑक्टोबर

ती. आत्यास,

उशिराबद्दल सॉरी. काम फार आहे.

घर बदलतोय, नवीन जागा लहान आहे. म्हणून उरलेली सगळी पेडलं बॅगेसकट पाठवतोय. मोठा स्पीकर मागून येईल. वापर, नाहीतर वर पापड वाळव.

दिवाळीला जमणार नाही, शो आहे. बाबांना सांगितलंय.

ललित


बऱ्हाणपूर,
४ नोव्हेंबर

चि. ललित यास,

बॅग मिळाली. माझ्या पलंगावर उघडून ठेवली आहे आणि समोर बसून लिहिते आहे.

घर तू बदललेलं नाहीस. खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता तोच आहे, मजलासुद्धा तोच. शोही नाही, कारण शो करायला लागतं ते सगळं इथे माझ्या पलंगावर आहे. सहा डबे, सहाही डब्यांवर तुझ्या पट्ट्या, आणि कप्प्यात गिटारचा पट्टा. त्याला अजून घामाचा वास आहे.

चौतीस वर्षं लोकांची पार्सलं हाताळली मी. कोणाला वस्तू वापरायला पाठवायची असेल तर माणूस वायरी सोडतो, वेगळ्या गुंडाळतो, कोणती कुठे लावायची ते लिहितो. आधी पाठवलेल्या चार डब्यांच्या जागा सोडल्या तर तुझ्या वायरी जोडलेल्याच आहेत. शेवटचा कार्यक्रम संपला तेव्हा जशा होत्या तशाच बॅगेत कोंबल्यास, चेन लावलीस आणि पाठवून दिलंस. पुन्हा उघडून बघवत नव्हतं ना?

मी विचारते म्हणजे आधी मला खरं बोलावं लागेल, तर ते बोलते. गुरुजी कामात नाहीत. त्यांनी मला काढून टाकलं. त्या दिवशी जिना उतरताना म्हणाले, "अब उस डिब्बे को ही सिखाओ बाई, उसको याद तो रहता है." दोन महिने झाले. मीही ताठ्यानं गेले नाही. रियाजाला वेळ मिळतो असं तुला लिहिलं, ते खोटं. सतार खोळीतच आहे. सकाळी डबा चालू करते, संध्याकाळी बंद करते. ऐकते, वाजवत नाही. या वयात कोणी काढून टाकेल असं वाटलं नव्हतं.

झालं माझं. आता तुझी पाळी. विनोद करायचाच असेल तर शेवटी कर.

आत्या


पुणे,
१२ नोव्हेंबर

आत्या,

मेमधल्या शोनंतर माझ्या डाव्या कानात आवाज राहिला. जुन्या टीव्हीचं प्रसारण संपल्यावर यायचा तसा, बारीक, सलग. वाटलं, सकाळपर्यंत जाईल. जून आला. डॉक्टरांकडे गेलो. बारा वर्षं मोठ्या आवाजात वाजवल्याचं फळ आहे म्हणाले. त्या कानातलं थोडं ऐकू येणं गेलंय, ते परत येत नाही. आवाज कमी-जास्त होईल, पण राहील. मी विचारलं, काय करू? म्हणाले, मोठ्या आवाजापासून लांब राहा. आणि अगदी शांततेतही बसू नका, शांततेत तो जास्त जाणवतो. म्हणजे आवाज नको आणि शांतताही नको. मग राहतं काय ते त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या कानात फुकटचा तानपुरा लागलाय. बंद करायचं बटण नाही. डब्यांना निदान प्रत्येकी एक बटण होतं.

बँडच्या मुलांनी तीन महिने वाट पाहिली. मग शीतल म्हणून एक मुलगी घेतली. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. सगळ्यात वाईट ते वाटलं.

डबे घरात होते तोवर रोज संध्याकाळी सहाला माझा पाय आपोआप हलायचा. म्हणून तुझ्याकडे पाठवत गेलो. एकदम सगळे पाठवायची हिंमत नव्हती. तू पहिल्या पत्रात एक मागितलास, तेव्हा आधी बरं वाटलं.

बाबांना सांगू नकोस.

विनोद शेवटी कर म्हणाली होतीस. शेवट आला, पण सुचत नाहीये.

ललित


बऱ्हाणपूर,
२५ नोव्हेंबर

चि. ललित यास,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग लुगडं बदललं आणि ताठा घरी ठेवून गुरुजींकडे गेले.

ते ओसरीत सतारीवर तेलाचं फडकं फिरवत होते. वर न बघता म्हणाले, "डबा नाही आला संगं?"

मी म्हटलं, "माझ्यासाठी नाही आले, भाच्यासाठी आले." आणि सगळं सांगितलं. (दादाला सांगू नकोस म्हणालास, गुरुजींचं नाव घेतलं नव्हतंस.) मला वाटलं, हळहळतील. त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"कोणत्या सुरात?"

"काय कोणत्या सुरात?"

"कानात जे वाजून राहिलं ते. पट्टी कोणती?"

"डॉक्टरांनी ते नाही विचारलं."

"डॉक्टर कायले विचारतील? त्यायले थोडीच सतार लावायची आहे." मग जरा थांबून म्हणाले, "हलतो का तो? खालीवर होतो, का एकाच जागी उभा राहातो?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

"विचारा. एका जागी उभा असंल तर कामाचा आहे. माझे अर्धे शिष्य एका जागी उभे राहात नाहीत."

मी विचारलं, त्यानं तुझं बरं होईल का? तर चिडले. "माझा दवाखाना आहे का? बरंबिरं काही होणार नाही. त्याला म्हणा, सूर शोधून आण, मग बघू."

निघताना मी उगाच चपला घालायला वेळ लावला. मागून आवाज आला, "मंगळवारी या. नुसती सतार आणा."

तर ललित, सूर शोध. आणि ये.

आत्या


पुणे,
३ डिसेंबर

ती. आत्यास,

तुझ्या गुरुजींना वेड लागलंय असं माझं स्पष्ट मत आहे. सहा महिने मी या आवाजापासून पळतोय आणि ते म्हणतात, त्याला नाव विचार.

रविवारी दुपारी हार्मोनियमचं अ‍ॅप घेऊन बसलो. तासभर एकेक सूर लावून पाहिला. आवाज फार वरचा आहे, चार सप्तकं वर. खाली आणत आणत सापडला. हलत नाही, अगदी एका जागी उभा असतो. काळी एकच्या, म्हणजे पेटीतल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, जरा वर. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये, पण काळी एककडे झुकलेला. शेवटी माझ्या वाट्याला आलेला सूरसुद्धा धड कुठल्या पट्टीत बसत नाही.

दोन आठवड्यांची रजा टाकलीय. २२ तारखेला येतो. सतारीवरची चकती काढून ठेव, काही जोडायचं नाही.

आणि हो, बाबांना मीच सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं तेच परत विचारलं.

तुझा,
ललित


पुणे,
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,

पोचलो त्याला पंधरा दिवस झाले आणि आता लिहितोय, त्यामुळे जे म्हणायचं ते म्हणून घे. रेल्वेत खालचा बर्थ गुरुजींनी दिलेल्या सतारीला, वरचा मला. समोरच्या आजी सतारीला विचारत होत्या, उतरायचं कुठे.

पहिल्या दिवशी गुरुजींनी तुला ओसरीत बसवलं आणि मला आत नेलं. आत काय झालं ते तू चारदा विचारलंस आणि मी चारदा विषय बदलला. आता लिहितो. तोंडानं सांगता आलं नसतं.

त्यांनी ही सतार मांडीवर घेतली. भोपळा एका बाजूला फुटून चिकटवलेला आहे, तुला माहीत आहेच. म्हणाले, "मला तुझा सा ऐकू येत नाही. तू सांग, मी लावतो." खुंटी पिळायला लागले. मी डोळे मिटले. थोडं वर. अजून. नाही, गेला पुढे. खाली. हां. एक तार झाली. मग दुसरी. मग खालच्या त्या तेरा बारीक तारा, एकेक. दीड तास. शहात्तर वर्षांचा, आयुष्यभर दुसऱ्यांचे कान पिळलेला माणूस माझ्या बिघडलेल्या कानावर विश्वास ठेवून तारा लावत होता. एकदाही म्हणाला नाही की नक्की का, पुन्हा बघ. सहा महिन्यांत त्या आवाजाबद्दल मी जे सांगितलं ते कोणी असं जसंच्या तसं ऐकून घेतलं नव्हतं.

शेवटी त्यांनी सगळ्या तारांवरून नखी फिरवली आणि विचारलं, "कुठाय आता तो?"

मी शोधला. आत्या, मेनंतर पहिल्यांदा मला तो शोधावा लागला. तारा वाजत होत्या तोवर त्यांचा आवाज कुठे संपतो आणि माझा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मला रडू आलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत बसले.

तू चहा आणलास तोवर तो परत आला होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "येणारच. घर त्याचंच आहे." आणि लगेच मला पलटा दिला. कोणता ते तुला सांगायची गरज नाही.

काल दुपारी बँडचा एका कॉलेजात कार्यक्रम होता. कानात बोळे घालून गेलो, दाराशी उभा राहिलो. दोन गाणी ऐकली. शीतलनं माझा तुकडा वाजवला, माझ्यापेक्षा चांगला. मधल्या सुट्टीत ती बाहेर आली आणि तिनं विचारलं, "दुसऱ्या गाण्यात तू तो घुमटासारखा आवाज कशानं काढायचास?" दोन मिनिटं मला खोटं बोलावंसं वाटलं. मग सांगितलं, आणि म्हटलं, "ते पेडल नाही मिळणार, ते आत्याचं झालं. बाकीची सगळी तुला पाठवायला सांगतो."

तर निळं तू ठेव. गुरुजींना दाखवू नकोस. बाकीची बॅग तिला पाठव, पत्ता वेगळ्या कागदावर लिहिलाय.

तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा मी निघालो. वाटेत कान नेहमीपेक्षा जास्त वाजत होता. घरी आलो तेव्हा चार वाजले होते. खिडकी लावली, सतार काढली. सा आधीच लागलेला होता. मी फक्त त्यात जाऊन बसलो.

तुझा,
ललित